सुलक्षणाची माणसं

माझ्या पोटच्या मुलीने मला तिच्या माणसांतून काढलं आणि वारलेल्या आजोबांना ठेवलं, ही गोष्ट देवपुरात आता सगळ्यांना माहीत आहे. जो तो ती आपापल्या सोयीने सांगतो. शेजारचे नवलभाऊ तर नळाचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही थांबवून सांगतात, आणि तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर पाटबंधारे खात्यात आख्खी नोकरी केलेल्या माणसाला शोभणारी नाही. म्हणून म्हटलं, एकदा मीच काय ते नीट सांगून टाकावं.

आमच्या हितेंद्रचं लग्न ठरलं. मुलगी पाचोऱ्याची, रूपाली. ठरल्या दिवशी संध्याकाळी हितेंद्र बहिणीच्या खोलीत गेला आणि म्हणाला, करवली म्हणून माझ्यामागे तूच उभी राहशील का. सुलक्षणाने लगेच उत्तर दिलं नाही. ती कधीच लगेच देत नाही. पुढचे दोन दिवस विचार केला आणि जेवताना, विषय भलताच चालू असताना, म्हणाली, "हो. मला टाळी बघायची आहे."



सुलक्षणा ऑटिस्टिक आहे. मोठी आहे, चोवीस वर्षांची; घरी बसून एका कार्यालयाचे जुने नकाशे स्कॅन करून देते आणि कामात चोख आहे. पण मोठा आवाज, गर्दी, चार जणांचं एकदम बोलणं, हे सगळं तिला आपल्यापेक्षा फार जास्त ऐकू येतं. आणि आमच्याकडची टाळी म्हणजे काय ते ज्याने खान्देशातलं लग्न पाहिलंय त्याला माहीत आहे. शेवटचं मंगलाष्टक संपलं की ज्वारीच्या अक्षता उडतात, सगळा मांडव टाळ्या पिटतो, बँडवाले जीव खाऊन वाजवतात आणि बाहेर फटाक्यांची माळ लागते. भावकीतल्या प्रत्येक लग्नात त्या वेळी सुलक्षणा बाहेर जीपमध्ये, काचा वर करून, आईच्या शेजारी बसलेली असायची. म्हणजे तिने आजवर एकही टाळी पाहिलेली नव्हती, आणि आता ती थेट नवरदेवाच्या पाठीमागे हातात दिवा घेऊन उभी राहणार होती.

मी घाबरलो. बाप आहे, घाबरणारच. पण मी घाबरलो की स्वस्थ बसत नाही, काहीतरी कामाला लागतो, आणि आमच्या घरातली बरीच संकटं तिथूनच सुरू होतात असं सौभाग्यवतींचं म्हणणं आहे.

जळगावला ज्योत्स्ना मॅडम म्हणून समुपदेशक आहेत, सुलक्षणा त्यांच्याकडे अधूनमधून बोलायला जाते. त्यांनी एक ॲप सुचवलं. नाव 'निवांत'. ते मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा खरं सांगतो, थक्क झालो. आत चार रंग. आपल्याला कसं वाटतंय तो रंग दाबायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जड जातंय, केशरी म्हणजे आता बाहेर पडायला हवं, आणि लाल म्हणजे लाल. रंग दाबला की मोबाईल हातात हळूहळू थरथरतो, त्या चालीवर श्वास घ्यायचा. पुढे काय घडणार आहे त्याची चित्रं लावून ठेवता येतात. बोलणं जमत नसेल तर समोरच्याला दाखवायला मोठ्या अक्षरांची पाटी करता येते. माणसाच्या जिवाची घालमेल अशी चार खणांत नीट लावून ठेवता येते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तर आख्खी नोकरी एकाच रंगात काढली, आणि तो कोणता ते मला अजून सांगता येत नाही.

कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच चालवतो, तेव्हा मोबाईलमधलं आपल्याला सगळं कळतं या समजुतीने ॲपची मांडणी मी अंगावर घेतली. आवाजाच्या खणात मी समुद्राची लाट टाकली. सुलक्षणाने ती ऐकली, काढून टाकली आणि त्या जागी आमच्या हॉलमधल्या कूलरची घरघर रेकॉर्ड करून ठेवली. मी म्हटलं, अगं, समुद्र चांगला असतो. ती म्हणाली, समुद्र मी पाहिलेला नाही, कूलर रोज ऐकते. मला थोडं लागलं.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे ॲपमध्ये एक खण होता: 'माझी माणसं'. लाल बटण दाबलं की या माणसांना निरोप जातो. मॅडमनी बजावलं होतं, दोन-तीनच नावं, आणि ती सुलक्षणा सांगेल ती. तिने आई, हितेंद्र आणि मी अशी तीन नावं सांगितली. मी भरली. वर शहाणपणाने तिच्या नाशिकच्या मामाचंही नाव घातलं, कारण तो शांत माणूस आहे. एवढंच केलं मी. बाकीचं सगळं त्यातून झालं.

ॲपबद्दल मी नवलभाऊंना कौतुकाने सांगितलं. नवलभाऊ तलाठी होते. गावात कोणाच्या बांधावर काय चाललंय हे दुसऱ्या गावाला कळवायची सवय त्यांची अजून गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पारोळ्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा, भागाबाई अक्काचा फोन. नमस्कार नाही, चहापाणी नाही. "प्रेमराज, मन्हं नाव कोठे शे?"

आता इथे बाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं. आमच्याकडे लग्नपत्रिका छापायची म्हणजे मुलगी शोधण्यापेक्षा जोखमीचं काम. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोण निमंत्रक, कोण नुसता व्यवस्थापक, यावरून भाऊभाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. माझ्या एका चुलतभावाने नाव दुसऱ्या रांगेत छापलं म्हणून सख्ख्या पुतणीच्या लग्नात येऊन, समोरच्या झाडाखाली बसून, घरून आणलेला डबा खाल्ला होता. आणि इथे तर खणाचं नावच 'माझी माणसं'. त्यात मामा आहे आणि आत्या नाही. अक्काने मला पुढचं बोलूच दिलं नाही, नुसती रडायला लागली. मी तिचं नाव घातलं.

अक्काचं घातलं म्हणजे भावकीत सर्वांत वडील असलेल्या भटू आबांचं घालणं आलं. आबांचं आलं म्हणजे त्यांच्या दोन्ही भावांचं आलं. रूपालीकडच्यांना वाईट वाटू नये म्हणून व्याह्यांचं आलं. ॲपला मर्यादा असेल आणि ते कुठेतरी नाही म्हणेल अशी माझी मनातून आशा होती, पण ते प्रत्येक नाव घेत गेलं. मग दुसरा घोळ झाला. ॲप नावं आपल्या मनाने अक्षराप्रमाणे लावतं. त्यामुळे आबांचा धाकटा भाऊ अमृत सगळ्यांच्या वर, आणि भटू आबा पार मध्ये कुठेतरी. आबांनी निरोप पाठवला की तुमच्या घरात आमची जागा कुठे आहे ते मोबाईलनेच दाखवलं, बरं झालं. मग मी एक सबंध दुपार बसून प्रत्येक नावापुढे मानाप्रमाणे आकडा घातला. घरात सुलक्षणा हे सगळं बघत होती. एकदा म्हणाली, "पप्पा, हे फार झालं." मी म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय.

शेवटी अक्काचा पुन्हा फोन. सगळ्यांची नावं आली, आणि बापूंचं नाही? बापू म्हणजे आमचे वडील, कैलासवासी पुना पाटील. पत्रिकेत सगळ्यांत वर त्यांच्याच आशीर्वादाची ओळ असते, मग इथे का नको, असा तिचा प्रश्न होता आणि मला तो रास्त वाटला. ॲप नंबराशिवाय नाव घेत नव्हतं. बापूंचा जुना नंबर माझ्या मोबाईलमध्ये अजून होता, पुसायचा धीर झाला नव्हता. बंदच असणार म्हणून मी तो घातला. ॲपने रिवाजाप्रमाणे तिकडे विचारणा पाठवली, आणि मी चहाला उठलो.

चहा घेऊन येतो तो पडद्यावर ओळ: पुना बापू यांनी होकार दिला.

 मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण त्या क्षणी मला जे वाटलं ते वाटलं. हिला हाक मारली. हिने वाचलं आणि देवापुढे दिवा लावला. अक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, नातीसाठी बापू येणारच. चहा तसाच निवला. सुलक्षणा तेवढी म्हणाली की तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला असेल. आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

मग बस्ता. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची भावकी एकत्र दुकानात जाते, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. जळगावातलं मोठं दुकान, वरचा मजला, खाली पांढऱ्या गाद्या, त्यावर आम्ही चाळीसेक माणसं मांड्या घालून, आणि मधोमध साड्यांचा ढीग. सुलक्षणा कान झाकणारे हेडफोन लावून कोपऱ्यात बसली होती. ती आली होती कारण करवलीची साडी तिला स्वतः हात लावून निवडायची होती. काही कापडं तिच्या अंगाला टोचतात. तिने एक मऊ सुती साडी निवडलीही. तिथेच अक्का म्हणाली, ही काय, करवली शे का मास्तरीन. मग सगळ्याच आत्या, काकू, मावश्या आपापली जरीची पसंती तिच्या खांद्यावर टाकून बघू लागल्या.

तिचा रंग कधी पिवळा झाला, कधी केशरी, मला कळलं नाही. तिने लाल दाबलं.

ॲपचा इशारा म्हणजे देवळातल्या मोठ्या घंटेसारखा आवाज आहे, ठणठण. तो त्या मजल्यावर एका वेळी चाळीस खिशांतून आणि पिशव्यांतून सुरू झाला. प्रत्येकाच्या मोबाईलवर तेच: सुलक्षणाला तुमची गरज आहे. आणि सगळी माणसं एकदम उठली. साड्या तुडवत, गिऱ्हाइकांना ढकलत, तीन पावलांवर बसलेल्या मुलीकडे धावली. कोणी कांदा मागतंय, कोणी पाणी मारतंय, कोणी तळपाय चोळतंय. नवलभाऊ, त्यांना बस्त्याला कोणी बोलावलं ते अजून कळलेलं नाही, हात पसरून 'हवा येऊ द्या' असं ओरडत स्वतःच हवा अडवून उभे होते. दुकानदाराला वाटलं आग लागली. त्याने मेन स्विच पाडला. अंधारात घंटा वाजतच होत्या, कारण त्या बंद कशा करायच्या हे कोणालाच माहीत नव्हतं. गुडघ्यामुळे भटू आबा पारोळ्यालाच थांबले होते, तेही टेम्पो करून निघाले. सोबत गावातली माणसं, डोक्याला टोप्या, चेहरे पडलेले. आमच्याकडे अशी टेम्पोभर माणसं मयतीलाच येतात. दुकानाच्या दारात उतरल्यावर आबांनी पहिला प्रश्न विचारला तो, कधी नेणार, हा.

सुलक्षणा कपडे बदलायच्या खोलीत शिरून आतून कडी लावून बसली होती. बऱ्याच वेळाने आईने तिला मागच्या जिन्याने खाली नेलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही.

पारोळ्याला त्याच संध्याकाळी भावकी बसली आणि ठरवून मोकळी झाली: पोरीला जमणार नाही, आबांची नात पुनम करवली म्हणून उभी राहील, सुलक्षणाला जीपमध्ये बसवावं, जीप सावलीत लावू. हे सगळं प्रेमाने. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. मलाही, खोटं कशाला बोलू, ते पटत चाललं होतं.

सुलक्षणा बोलली ती तिसऱ्या दिवशी. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. माझ्यासमोर बसून म्हणाली, "मी उभी राहणार आहे. मला कोणी विचारलं नाही." मग तिने मोबाईल पुढे केला. 'माझी माणसं' या खणात तीन नावं होती. आई. हितेंद्र. पुना बापू.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हटलं, आणि मी?

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांत पुढे पळत आलात. सगळ्यांत मोठ्याने ओरडलात."

हे खरं होतं. बाजूला व्हा, बाजूला व्हा, असं मी ओरडलो होतो. नंतर घसा बसला होता. पण मी बाप होतो, ॲप मी टाकलं होतं, आकडे मी घातले होते. मी म्हटलं, आणि बापूंनी काय केलं? तेव्हा तिने मला तो निरोप दाखवला. दुकानात घंटा वाजत असताना त्या नंबरावरून आलेला. लिहिलं होतं: 'ताई, मी तुम्हाला ओळखत नाही. चुकून हो दाबलं होतं. पण काही हवं आहे का?' तिने आतून लिहिलं होतं: 'नाही. शांतता.' त्यावर उत्तर होतं: 'बरं.' बस्स. पुढे एक अक्षर नाही. हा नवीन चौधरी नावाचा कोणी, फैजपूरकडचा, केळीचा व्यापारी. चाळीस माणसांतला हा एकच, ज्याने तिला काय हवं ते विचारलं, आणि ऐकलं. सुलक्षणा म्हणाली, हे बरोबर आहे, म्हणून ठेवलं.

मी पेपर वर धरला आणि बराच वेळ एकच बातमी वाचली.

कामाला लागायची माझी सवय मात्र गेली नव्हती. ॲपमध्ये चित्रं लावून तिने लग्नाच्या दिवसाची योजना केली होती, तीत एक शांत खोली हवी होती, आणि तिचा फोटो आधी हवा होता, म्हणजे त्या दिवशी तिला नवी वाटणार नाही. मी पाचोऱ्याला गेलो. लग्नाच्या हॉलचे व्यवस्थापक म्हणाले, वधूपक्षाची खोली आहे, वरपक्षाची आहे, शांत पक्षाची नाही. कोठीची खोली रिकामी करून द्या म्हटलं, तर त्याला अध्यक्षांची परवानगी लागते. अध्यक्ष म्हणाले, कार्यकारिणीपुढे अर्ज ठेवा, खोली कशासाठी ते कारण लिहा. मी लिहिलं: बसण्यासाठी. त्यांनी विचारलं, किती जण बसणार. मी म्हटलं, एक जण. जेवायला? नाही. कपडे बदलायला? नाही. मग एक जण आत बसून करणार काय? मी म्हटलं, काही नाही. सरकारी नोकरीत मी अनेक अर्ज फेटाळले आहेत, पण इतक्या संशयाने कोणाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. अखेर वांग्यांची पोती आणि तेलाचे डबे तिथेच राहतील या अटीवर कोठी मिळाली. सुलक्षणाने फोटो पाहिला, वांग्यांचा वास चालेल म्हणाली.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. वरात हॉलपर्यंत बिनघोर पोचली, कारण सुलक्षणा वरातीत आलीच नाही. ती आईबरोबर आधीच येऊन बसली होती. मऊ साडी, केसांत गजरा आणि गजऱ्यावरून हेडफोन. दारात एक अनोळखी माणूस केळीचा आख्खा घड घेऊन उभा होता. अक्काने विचारलं, तुम्ही कोणाकडचे. तो पस्तिशीतला माणूस संकोचून म्हणाला की तसं बघायला गेलं तर मी नवरदेवाचा आजोबा लागतो. सुलक्षणाने त्याला स्वतः बोलावलं होतं. त्याने तिला लांबूनच नमस्कार केला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

हॉलपुढच्या मांडवात अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. सुलक्षणा हितेंद्रच्या मागे हातात दिवा घेऊन उभी होती, आणि मी मान वाकडी करकरून तिच्याकडे बघत होतो. मला निरोप येणार नव्हता, त्यामुळे बघण्यावाचून इलाज नव्हता. पहिलं झालं, दुसरं झालं. मग मागच्या बाजूला कोणीतरी बँडवाल्यांना तयारीची खूण केली आणि त्यांनी एकदा दणका देऊन पाहिला. तिचा दिवा हलला. तिने तो शांतपणे चौरंगावर ठेवला, मांडवातून वाट काढत गेली आणि कोठीचं दार लावून घेतलं.

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मुहूर्त जवळ आला होता. भटू आबांनी क्षणात पुनमला पुढे केलं. तिला बिचारीला काही कळेना, पण तिने दिवा उचलला. कोणीतरी म्हणालं, जीप सावलीतच आहे.

मी कोठीच्या दारापाशी गेलो. हात वर केला होता, ठोकणारच होतो. आत मोबाईलवर कूलरची घरघर ऐकू येत होती, आमच्या घरातल्या हॉलमधली. मी हात खाली घेतला. मोबाईल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीला विचारलं: काही हवं आहे का?

उत्तर आलं: वेळ. बँड नको. फटाके नको. मी येते.

प्रेमराज पाटलाने आजवर भावकीतल्या कोणालाही नाही म्हटलेलं नाही. पत्रिकेत जागा उरली नाही तर मी पत्रिका लांब केली आहे. तो मी त्या दिवशी मांडवात आलो, भटजींच्या हातातून माईक घेतला आणि म्हणालो, "करवली येईपर्यंत टाळी लागणार नाही. ती आली की वाजंत्री वाजणार नाही, माळ लागणार नाही आणि कोणी टाळ्या वाजवणार नाही. ज्याला राग यायचा असेल त्याने तो आत्ताच येऊ द्यावा." मी हळू बोललो असं मला वाटत होतं, नंतर कळलं की रस्त्यापलीकडच्या रसवंतीवरही ऐकू गेलं. आबा म्हणाले, वाजल्याशिवाय टाळी कशी? मुहूर्त टळतो का? तेव्हा अंतरपाटापलीकडून रूपाली म्हणाली, आम्ही थांबतो. लग्न तिचंच होतं, त्यामुळे आबांना बसावं लागलं.

आणि मग तो सबंध मांडव थांबला. शे-दोनशे माणसं, आमची माणसं, जी मयतीतही गप्प बसत नाहीत. पोरांना मांडीवर घेतलं, पंखा तेवढा फिरत होता. पंगतीकडची भांडी थांबली. किती वेळ गेला मी मोजला नाही.

कोठीचं दार उघडलं. सुलक्षणा आली, पुनमच्या हातातून दिवा घेतला, भावाच्या मागे उभी राहिली आणि भटजींना मान हलवून खूण केली. शेवटचं मंगलाष्टक भटजींनी जवळजवळ कुजबुजत म्हटलं. शुभमंगल सावधान. लोकांचे हात सवयीने वर गेले, आणि टाळी न वाजवता तसेच राहिले. अक्षता उडाल्या.

ज्वारीच्या अक्षता पडताना आवाज होतो. मी शेकड्याने लग्नं पाहिली आहेत, मला हे माहीत नव्हतं. फेट्यांवर, शालूवर, ताडपत्रीवर, एवढ्या मोठ्या मांडवात चहूबाजूंनी तो बारीक आवाज एकदम सुरू झाला आणि हळूहळू थांबत गेला. भागाबाई अक्का मान वर करून, तोंड उघडं ठेवून ऐकत होती. बँडमास्तरने टोपी काढली होती. आणि सुलक्षणाने एका हाताने हेडफोन खाली ओढले, गळ्यात ठेवले. दिवा धरून ती मांडवाकडे बघत होती, चेहऱ्यावर काही दाणे चिकटलेले. ती हसत होती. माझी मुलगी टाळी बघत होती.

मला पुढचं नीट दिसेना. तेवढ्यात सगळ्यांना कंठ फुटला. व्याही गळ्यात पडले, नवलभाऊ पाठ थोपटू लागले, कोणी पेढा तोंडात कोंबतंय, आबांना अजून वाद घालायचा होता, फोटोवाला दंडाला धरून ओढतोय. मी मधोमध उभा, आणि मला श्वासच घेता येईना. बोलायला गेलो तर शब्द येईना.

माझ्या बाहीला कोणीतरी बोटाने हात लावला. सुलक्षणा. ती चालू लागली, आणि मी तिच्यामागे गेलो. तिने मला कोठीत नेलं, तेलाच्या डब्यावर बसवलं, गळ्यातले हेडफोन काढून माझ्या हातात दिले, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. मी वांग्यांच्या पोत्यांमध्ये बसून होतो. रडलो असेन, थोडा.

बाहेर बांगड्या वाजल्या. अक्का होती, आणि तिच्यामागे बरीच पावलं.

"प्रेमराज कोठे शे?"

"आत आहेत."

"काय व्हयनं त्याले?"

"काही नाही. जास्त झालं त्यांना."

अक्का दार उघडणार हे मी गृहीत धरलं होतं. आमच्या अक्काने आजवर बंद दार पाहून कधी पाऊल मागे घेतलेलं नाही. पण दार हललं नाही. मग अक्काने खालच्या आवाजात सुलक्षणाला विचारलं, "त्याले काही पाहिजे का?"

"विचारते," सुलक्षणा म्हणाली, आणि माझा मोबाईल थरथरला.